ऑगस्टमध्ये लागणारा निकाल : डेट्रॉइटच्या तेराव्या मतदारसंघाची कथा

[दृश्य : आल्टर रोडवरून सरकणारा कॅमेरा. डावीकडे मोकळे भूखंड, उजवीकडे झाडांच्या सावलीतली घरे.]

डेट्रॉइट शहराच्या पूर्व टोकाला आल्टर रोड नावाचा एक साधा रस्ता आहे. त्याच्या एका अंगाला ओस पडलेली घरे आणि घरे पाडून टाकल्यावर गवत माजलेले भूखंड दिसतात. दुसऱ्या अंगाला ग्रोस पॉइंट पार्क या उपनगरातील विटांची, निगुतीने राखलेली घरे सुरू होतात. उत्पन्न, शाळा, पोलीस, घरांच्या किमती असे सारे काही हा रस्ता ओलांडताच बदलते. प्रतिनिधिगृहाचा मतदारसंघ मात्र आज बदलत नाही, कारण रस्त्याच्या दोन्ही बाजू मिशिगन राज्याच्या तेराव्या मतदारसंघात येतात.

इथे एक खुलासा आधीच केलेला बरा. अमेरिकेत काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, तर तिथली संसद. आणि या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात, दर दोन वर्षांनी निवडून यावे लागते. दुसरा फरक उमेदवारीचा आहे. आपल्याकडे तिकिटासाठी मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या कराव्या लागतात. तिथे पक्षाचे तिकीट मतदारच देतात आणि त्यासाठी जी निवडणूक होते तिला प्रायमरी म्हणतात. मिशिगनमध्ये ती ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, मंगळवारी होते. डेट्रॉइटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे वर्चस्व इतके निर्विवाद आहे की नोव्हेंबरमधील मुख्य निवडणूक हा केवळ उपचार उरतो, आणि या जागेचा निकाल दशकानुदशके ऑगस्टमध्येच लागत आला आहे.

नेहमीच असे होते, असे नाही. १९१० च्या जनगणनेनंतर हा मतदारसंघ निर्माण झाला आणि १९१५ मध्ये त्याचे पहिले प्रतिनिधी वॉशिंग्टनला गेले, तेव्हा ही जागा रिपब्लिकन पक्षाची होती. विसाच्या दशकात क्लॅरेन्स मॅक्लाउड या रिपब्लिकन नेत्याने तिच्यावर चांगलीच मांड ठोकली. रूझवेल्ट यांच्या काळात, मोटार कारखान्यांतील कामगार संघटना उभ्या राहत असताना, १९३६ मध्ये डेमोक्रॅट जॉर्ज ओब्रायन यांनी ती हिसकावली. दोनच वर्षांत मॅक्लाउड परतले. पुन्हा दोन वर्षांनी ओब्रायन आले. चाळीसच्या दशकाच्या अखेरपर्यंत हा लंबक हलत राहिला. नोव्हेंबरला अर्थ होता, असा तो काळ.

[दृश्य : हेस्टिंग्ज स्ट्रीटची जुनी कृष्णधवल छायाचित्रे.]

या काळात शहराची वस्ती पालटत होती. दक्षिणेतील कापसाची शेते, तिथला जातिभेदाला लाजवेल असा वर्णभेद आणि झुंडबळी मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील औद्योगिक शहरांत येत होती, आणि त्यांपैकी पुष्कळांना फोर्डच्या कारखान्यातील रोजगाराची बातमी डेट्रॉइटला घेऊन आली. भाड्याने घर मिळे ते मोजक्याच भागांत. पूर्वेकडील ब्लॅक बॉटम आणि पॅराडाइज व्हॅली या वस्त्या अशाच दाटीने वसल्या, आणि हेस्टिंग्ज स्ट्रीट हा त्यांचा बाजाररस्ता झाला. (पुढे नगरविकासाच्या नावाखाली ही घरे जमीनदोस्त झाली आणि हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या जागी क्रायस्लर महामार्ग आला.)

या समाजात अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला मोठा मान असे. गोऱ्यांच्या दुकानदाऱ्या कृष्णवर्णीयांचे मृतदेह स्वीकारत नसत, त्यामुळे हा धंदा पूर्णपणे समाजाच्या हाती होता आणि धंदेवाल्याचे उत्पन्न कोणा गोऱ्या मालकावर अवलंबून नव्हते. शिवाय प्रत्येक घराशी त्याचा कधी ना कधी संबंध येईच. मिसिसिपीहून आलेल्या चार्ल्स डिग्ज यांनी ‘हाउस ऑफ डिग्ज’ या नावाने हाच व्यवसाय उभारला आणि त्या बळावर ते राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहातही पोहोचले. लाचेच्या प्रकरणात त्यांना तुरुंगवास झाला. सुटून आल्यावर मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले, पण सिनेटने त्यांना बसू दिले नाही. तेव्हा त्याच जागेवर १९५१ मध्ये त्यांचा मुलगा, चार्ल्स डिग्ज कनिष्ठ, उभा राहिला आणि जिंकला. बापाची जागा मुलाला मिळणे मराठी प्रेक्षकाला नवे नाही, परंतु ही कथा पुढे वेगळ्या वळणाने जाते.

ऑगस्ट १९५४ च्या प्रायमरीत या धाकट्या डिग्ज यांनी ओब्रायन यांचा पराभव केला. नोव्हेंबरमध्ये ते सहज निवडून आले आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात गेलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. संपूर्ण सभागृहात तेव्हा असे सदस्य त्यांना धरून केवळ तीन होते.

[दृश्य : सम्नर, मिसिसिपी. न्यायालयाची इमारत.]

निवडून आल्यावर वर्षभरातच त्यांनी जे केले, त्यासाठी त्यांचे नाव आजही घेतले जाते. ऑगस्ट १९५५ मध्ये शिकागोहून मिसिसिपीत नातेवाइकांकडे आलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाचा खून झाला. सप्टेंबरमध्ये सम्नर या लहानशा गावात दोन गोऱ्या आरोपींवर खटला उभा राहिला, तेव्हा डिग्ज डेट्रॉइटहून तिथे गेले. त्यांच्या मतदारसंघात राहणाऱ्या कितीतरी जणांचे आईवडील, भाऊबंद अजून त्याच राज्यात होते, आणि तिथे त्यांना मत देता येत नव्हते. त्या अर्थाने डिग्ज त्यांचेही प्रतिनिधी होते. तुडुंब भरलेल्या, उकाड्याने कोंदलेल्या त्या दालनात कृष्णवर्णीय वार्ताहरांसाठी एका कोपऱ्यात पत्ते खेळण्याचे एक घडीचे टेबल मांडलेले होते. अमेरिकी संसदेच्या सदस्याला बसायला जागा मिळाली ती त्या टेबलापाशी. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने तासाभराहून थोड्याच अधिक वेळात दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले. डिग्ज यांनी तिथे भाषण केले नाही, घोषणा दिली नाही. ते शेवटपर्यंत त्या टेबलापाशी बसून राहिले.

दहा वर्षांनी त्यांना शहरातूनच एक जोडीदार मिळाला. मतदारसंघांची लोकसंख्या शक्यतो समान असली पाहिजे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दिल्यावर मिशिगनचा नकाशा नव्याने आखावा लागला आणि डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णीयांचे बहुमत असलेला आणखी एक मतदारसंघ तयार झाला. त्याला क्रमांक मिळाला पहिला. तिथल्या अटीतटीच्या प्रायमरीत जॉन कॉन्यर्स नावाचे तरुण वकील निसटत्या मताधिक्याने जिंकले. त्यांच्या प्रचारात शिवणकाम करून पोट भरणाऱ्या एक बाई मनापासून राबल्या होत्या. अलाबामातील माँटगमरी शहरात बसमधील जागा सोडण्यास नकार दिल्यानंतर काम मिळेनासे झाले म्हणून १९५७ मध्ये डेट्रॉइटला आलेल्या रोझा पार्क्स याच त्या. निवडून आल्यावर कॉन्यर्स यांनी त्यांना आपल्या डेट्रॉइट कार्यालयात नोकरी दिली. १९६५ पासून १९८८ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या तिथे लोकांच्या घरभाड्याच्या, पेन्शनच्या, दवाखान्याच्या तक्रारी ऐकत राहिल्या. सुरुवातीला त्या कार्यालयाच्या पत्त्यावर शिवीगाळीची पत्रे येत, कुजकी कलिंगडेही येत.

जुलै १९६७ मध्ये बाराव्या स्ट्रीटवरील एका बेकायदा दारूगुत्त्यावर पोलिसांचा छापा पडला आणि शहर पेटले. मोटारीवर उभे राहून कॉन्यर्स यांनी भोंग्यातून शांततेचे आवाहन केले. जमावाने त्यांचे ऐकले नाही. त्या दिवसांत ४३ माणसे मेली. त्याच बाराव्या स्ट्रीटला पुढे रोझा पार्क्स यांचे नाव देण्यात आले.

[दृश्य : वॉशिंग्टन, १९७१. तेरा सदस्यांचे समूह छायाचित्र.]

डिग्ज यांचा वॉशिंग्टनमधील दबदबा या काळात वाढत गेला. १९६९ मध्ये ते प्रतिनिधिगृहाच्या आफ्रिकाविषयक उपसमितीचे अध्यक्ष झाले आणि दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीशी अमेरिकेचे चाललेले साटेलोटे त्यांनी सातत्याने चव्हाट्यावर मांडले. १९७१ मध्ये तेरा कृष्णवर्णीय सदस्यांनी मिळून आपला स्वतंत्र गट स्थापन केला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. राष्ट्राध्यक्ष निक्सन भेट देण्याचे टाळतात, म्हणून या गटाने त्यांच्या वार्षिक अभिभाषणावर बहिष्कार टाकला. १९७३ मध्ये, खुद्द वॉशिंग्टन शहराला आपला महापौर निवडण्याचा हक्क देणारा कायदा संमत झाला, तोही डिग्ज त्या शहराच्या समितीचे अध्यक्ष असताना.

अशा माणसाचा शेवट हिशेबाच्या वहीत व्हावा, याचे वाईट वाटल्याखेरीज राहत नाही. कार्यालयातील कर्मचाऱ्यांचे पगार कागदोपत्री वाढवायचे आणि वाढीव रकमेतून आपली देणी भागवायची, अशी ती पद्धत होती. ऑक्टोबर १९७८ मध्ये न्यायालयाने त्यांना २९ आरोपांत दोषी ठरवले. महिनाभराने, नोव्हेंबरमध्ये, तेराव्या मतदारसंघाने त्यांना पुन्हा निवडून दिले. याला अडाणीपणा म्हणणारे तेव्हाही होते. पण सम्नरच्या न्यायालयात बसलेला माणूस आणि गोऱ्यांचे सरकार यांच्यात कोणावर विश्वास ठेवायचा हे त्या मतदारांच्या मनात तेवीस वर्षांपूर्वीच ठरलेले होते, असे मला वाटते. जुलै १९७९ मध्ये सभागृहाने ४१४ विरुद्ध शून्य मतांनी त्यांची निर्भर्त्सना केली आणि जून १९८० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी पदवी पूर्ण केली आणि मेरीलँडमध्ये वडिलांचाच व्यवसाय पुन्हा सुरू केला.

रिकाम्या जागेवर आलेले जॉर्ज क्रॉकेट एकाहत्तर वर्षांचे होते आणि त्यांना तुरुंगाची ओळख वेगळ्या कारणाने होती. १९४९ मध्ये कम्युनिस्ट नेत्यांचे वकीलपत्र घेतल्यावर न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांनी चार महिने शिक्षा भोगली होती. पुढे ते डेट्रॉइटमध्येच न्यायाधीश झाले. मार्च १९६९ मध्ये न्यू बेथेल चर्चबाहेर एका पोलिसाचा खून झाल्यावर पोलिसांनी चर्चमधील शंभराहून अधिक माणसांना सरसकट पकडून नेले, तेव्हा क्रॉकेट पहाटे पोलीस मुख्यालयात गेले, तिथेच न्यायालय भरवले आणि कैद्यांची सुनावणी सुरू केली. अनेकांना त्यांनी सोडून दिले. त्यांना पदावरून हटवा, असे सांगणाऱ्या पट्ट्या शहरातल्या मोटारींवर चिकटल्या. अकरा वर्षांनी त्याच शहराने त्यांना वॉशिंग्टनला पाठवले आणि १९९१ पर्यंत तिथे ठेवले.

[दृश्य : मिशिगनचे एकापाठोपाठ एक बदलणारे नकाशे.]

इथून पुढे आकड्यांचा घोळ सुरू होतो आणि तो थोडा धीराने समजून घ्यावा लागतो. आपल्याकडे लोकसभेच्या मतदारसंघांच्या सीमा तीन तीन दशके गोठून राहतात. अमेरिकेत प्रत्येक जनगणनेनंतर, म्हणजे दर दहा वर्षांनी, त्या नव्याने आखल्या जातात आणि क्रमांकही बदलतात. १९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या घरात असलेली डेट्रॉइटची लोकसंख्या दर जनगणनेत उतरत होती आणि मिशिगनच्या जागाही घटत होत्या. त्यामुळे १९९३ मध्ये तेरा हा आकडा शहर सोडून ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावाकडे गेला आणि क्रॉकेट यांच्या वारसदार बार्बरा-रोझ कॉलिन्स यांच्या जागेला पंधरावा क्रमांक मिळाला. २००३ मध्ये आकडा परत आला. मतदार मात्र त्याच गल्लीत, त्याच घरात होता.

व्यक्तीही बदलत होत्या, आणि दरवेळी ऑगस्टमध्येच. कार्यालयीन निधीच्या गैरवापराच्या आरोपांनी घेरलेल्या कॉलिन्स यांना १९९६ च्या प्रायमरीत कॅरोलिन चीक्स किलपॅट्रिक यांनी हरवले. त्यांचे चिरंजीव क्वामे हे शहराचे महापौर झाले, घोटाळ्यांत बुडाले आणि २००८ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले; दोन वर्षांनी मुलाच्या पापाची किंमत आईने प्रायमरीत मोजली. तिथे जिंकलेल्या हॅन्सन क्लार्क यांचे वडील आजच्या बांगलादेशातून आले होते. क्लार्क यांना एकच कार्यकाळ मिळाला. २०१२ च्या नव्या नकाशात ते शेजारच्या मतदारसंघातून लढून हरले, आणि तेरावा क्रमांक मिळालेल्या भागातून उभे राहिले जॉन कॉन्यर्स, ज्यांचे तोवर पहिला आणि चौदावा असे दोन क्रमांक वापरून झाले होते.

कॉन्यर्स यांच्याबाबतीत एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी मतदारसंघातील एक हजार मतदारांच्या वैध सह्या लागतात. कार्यकर्ते पाट्या-पॅड घेऊन चर्चबाहेर, दुकानांसमोर उभे राहून त्या गोळा करतात. २०१४ मध्ये, जवळजवळ पन्नास वर्षे सभागृहात काढलेल्या कॉन्यर्स यांच्या सह्या तपासल्या तेव्हा त्यांतील ५९२ च वैध भरल्या, कारण सह्या गोळा करणाऱ्या काही माणसांची स्वतःचीच मतदार नोंदणी नव्हती. अखेर संघीय न्यायाधीशाने ती अटच स्थगित करून त्यांचे नाव मतपत्रिकेवर परत आणले. पुढच्या वर्षी ते सभागृहाचे सर्वांत ज्येष्ठ सदस्य झाले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर चारच दिवसांत त्यांच्या जन्मदिनी राष्ट्रीय सुटीचे विधेयक मांडणारा आणि ते संमत होईपर्यंत पंधरा वर्षे नेटाने लावून धरणारा हा नेता डिसेंबर २०१७ मध्ये लैंगिक छळाच्या आरोपांमुळे राजीनामा देऊन घरी गेला.

त्यानंतरचा ७ ऑगस्ट २०१८ चा मंगळवार प्रायमरीच्या इतिहासात नमुना म्हणून दाखवता येईल. कॉन्यर्स यांच्या मुदतीचे उरलेले आठवडे आणि पुढची पूर्ण दोन वर्षे, अशा दोन मुदतींसाठी एकाच दिवशी, एकाच मतदारांनी दोन वेगवेगळी मते दिली. उरलेल्या मुदतीसाठी चार उमेदवार होते. तिथे नगर परिषदेच्या अध्यक्ष ब्रेंडा जोन्स जिंकल्या. पूर्ण मुदतीसाठी सहा उमेदवार होते. मते अधिक फाटली आणि तिथे सुमारे ९०० मतांनी रशिदा तलीब पुढे गेल्या. जोन्स पाच आठवडे खासदार राहिल्या. तलीब जानेवारी २०१९ मध्ये शपथ घेऊन, मिनेसोटाच्या इल्हान ओमर यांच्याबरोबरीने, अमेरिकी संसदेतील पहिल्या दोन मुस्लिम महिलांपैकी एक ठरल्या. पूर्ण मुदतीच्या त्या नोव्हेंबरमधील निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने उमेदवारच दिलेला नव्हता.

[दृश्य : २०२० च्या जनगणनेचे आकडे पडद्यावर.]

२०२० च्या जनगणनेत डेट्रॉइटची लोकसंख्या ६,३९,१११ भरली आणि मिशिगनच्या एका मतदारसंघाचा आकार पावणेआठ लाखांचा ठरला. ज्या शहराच्या वाट्याला एके काळी अनेक जागा येत, ते आता संपूर्ण धरले तरी एका जागेलाही पुरत नव्हते. राज्याच्या जागा चौदावरून तेरावर आल्या. आखणीचे काम या वेळी आमदारांकडून काढून घेऊन सामान्य नागरिकांच्या तेरा जणांच्या आयोगाकडे दिलेले होते. आयोगाने शहराचे दोन भाग केले आणि प्रत्येकाला उपनगरे जोडली. तलीब यांनी शेजारचा बारावा मतदारसंघ निवडला. तेराव्यात शहराचा मोठा भाग, ग्रोस पॉइंटची श्रीमंत उपनगरे आणि नदीच्या खालच्या अंगाची कामगार गावे एकत्र आली, आणि कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण निम्म्याच्या खाली गेले. आपले बळ मुद्दाम पातळ केले गेले, अशी तक्रार शहरातील अनेक कृष्णवर्णीय नेत्यांनी उघडपणे केली.

या मोकळ्या जागेवर २ ऑगस्ट २०२२ रोजी नऊ उमेदवार उभे राहिले आणि त्यांतून जे जिंकले त्यांचे नाव श्री ठाणेदार. चिकोडीला जन्मलेले, बेळगावात वाढलेले, मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन १९७९ मध्ये अमेरिकेला गेलेले ठाणेदार मराठी वाचकाला त्यांच्या आत्मकथनामुळे आधीपासून ठाऊक होते. सेंट लुइसमध्ये उभारलेला प्रयोगशाळांचा व्यवसाय मंदीनंतर कर्जात बुडाला, आणि २०१० मध्ये त्यांनी पुन्हा सुरुवात केली ती नव्वदच्या दशकात ‘तेरावा’ असलेल्या त्या ॲन आर्बरमध्येच. २०१८ मध्ये गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत ते तिसरे आले, २०२० मध्ये डेट्रॉइटमधून राज्याच्या विधानसभेत गेले. नकाशावर ओढलेली एक रेष घराला या किंवा त्या बाजूला टाकते आणि माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्यावर भांडत राहतात, हे बेळगावात वाढलेल्या माणसाला वेगळे शिकवावे लागले नसेल.

त्यांचा विजय सरळ आकड्यांचा होता. स्वतःचे लाखो डॉलर त्यांनी प्रचारात ओतले. त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी, राज्याचे सिनेटर ॲडम हॉलियर, यांच्यासाठी इस्रायल-समर्थक गटाने चाळीस लाखांहून अधिक डॉलर खर्च केले. कृष्णवर्णीय उमेदवार एकापेक्षा अनेक होते आणि मते वाटली गेली. ठाणेदार यांना मिळालेली २८ टक्के मते पुरेशी ठरली. नोव्हेंबरमध्ये त्यांना सत्तर टक्क्यांहून अधिक मते पडली, आणि जानेवारी २०२३ मध्ये, डिग्ज यांनी शपथ घेतल्यापासून प्रथमच, डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये नव्हता. आपल्याकडे या निकालाचे अभिनंदन झाले ते स्वाभाविकच होते, परंतु त्या शहरातील कित्येक घरांत त्याच बातमीने काय तुटले, हे आपल्या वर्तमानपत्रांनी फारसे सांगितले नाही.

[दृश्य : चर्चबाहेर उन्हात उभा असलेला, पाटी-पॅड धरलेला हात.]

२०२४ मध्ये हॉलियर पुन्हा सज्ज झाले. ठाणेदार यांच्या बाजूने त्यांच्या सह्यांना आव्हान दिले गेले, तपासणीत वैध सह्या हजाराला कमी पडल्या, आणि त्यांचे नाव मतपत्रिकेवर आलेच नाही. दहा वर्षांपूर्वी कॉन्यर्स यांना वाचवणारा न्यायालयीन आदेश या वेळी कोणाच्या मदतीला आला नाही. उरलेल्या दोन प्रतिस्पर्ध्यांना ठाणेदार यांनी निम्म्याहून अधिक मते घेऊन मागे टाकले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाचे सात आरोप दाखल केले. मे महिन्यात त्यावर मतदान घ्यायला लावण्याची त्यांची तयारी होती, पण स्वपक्षीयांनीच नापसंती दाखवल्यावर ते मागे हटले. त्याच एप्रिलमध्ये डेट्रॉइटचे एक तरुण कृष्णवर्णीय आमदार, डॉनव्हन मॅकिनी, यांनी त्यांच्याविरुद्ध उमेदवारी जाहीर केली. प्रायमरीची तारीख ठरलेली होती : मंगळवार, ४ ऑगस्ट २०२६.